चतुर्दशीची तारीख

"बाई मुक्या आहेत का?" खिडकीतल्या कारकुनाने अण्णांना विचारलं.

"मुकी नाही. मौन आहे तिचं."

"म्हणजे?"

"आज चतुर्दशी. उपवास आणि मौन. दिवस मावळेपर्यंत बोलत नाही ती."

कारकुनाने चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. टेबलावर हुजरे अशी पाटी होती. मग मोठ्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून त्यांनी मला सांगितलं, की मॅडम आत आहेत, बोलावतील, तोवर बाकावर बसा. माझे कान शाबूत आहेत हे त्यांना सांगायची सोय नव्हती.

व्हरांड्यातल्या बाकावर आम्ही दोघं बसलो. अण्णांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, पुन्हा घातली. भूपाल अण्णा ऐनापुरे आमच्या संस्थेचे सेक्रेटरी. शिरोळ तालुक्यातल्या आमच्या गावात संस्थेचं मुलींचं वसतिगृह आहे, तिथली मी रेक्टर. नवरा गेल्यावर सासरी माझं कुणी उरलं नाही, तेव्हा अण्णांनीच मला वसतिगृहात स्वयंपाकाला आणलं. तिथली कोपऱ्यातली खोली हेच तेव्हापासून माझं घर. त्या दिवशी मी कोल्हापूरच्या त्या कॉलेजात बसले होते ते ही खोली आणि हे काम टिकतं की जातं हे पाहायला.

झालं होतं असं, की संस्थेच्या सभेत ठराव झाला, जूनमधल्या नव्या वर्षापासून रेक्टर पदवीधरच पाहिजे. माझं बी. ए. लग्नापायी दुसऱ्या वर्षावर थांबलेलं. अण्णा म्हणाले, आपल्या जवळच्या कॉलेजात नाव घाल, तिथं माझी ओळख आहे. पण तिथं रोज वर्गाला बसावं लागणार, शिवाय दोन वर्षांचा जुना अभ्यास ते धरत नव्हते, पहिल्यापासून सुरुवात. तोवर नवं वर्ष उजाडून गेलं असतं. मग आमच्याच वसतिगृहातून शिकून गेलेल्या संगीता चौगुलेने मला कोल्हापूरच्या कॉलेजाचं सांगितलं. ती तिथं ग्रंथालयात नोकरीला होती. तिथं मागच्या दोन वर्षांचे गुण श्रेयांकात धरतात, उरलेल्या विषयांच्या परीक्षा आपली तयारी असेल तेव्हा देता येतात, आणि एखाद्या कामाची पाच वर्षांची जबाबदारी असेल तर तेवढ्या दोन विषयांची लेखी परीक्षा माफ होते, नुसती तोंडी द्यायची. ते दोन लेखी पेपर टळले, तर बाकीचे मी जूनच्या आत देऊ शकत होते. नाही टळले, तर नाही.

अण्णांना ते पसंत नव्हतं. म्हणाले, कॉलेज म्हणजे काय मंडई आहे, हवं तेवढं तोलून घ्यायला? आणि श्रेयांक म्हणजे काय, रेशनची कुपनं? मी ऐकून घेतलं. अण्णांच्या पुढे मी कधी बोललेली नव्हते. त्या वेळी मात्र एवढंच म्हणाले, की अण्णा, मला तेच कॉलेज झेपेल. ते म्हणाले, बरं, मी बोलतो तिथं.

संस्थेचा माणूस समोर येऊन अनुभवाची खातरी देईल, असा कॉलेजचा नियम होता. त्यासाठीची तारीख अण्णांनी फोनवर ठरवून आणली. मी पंचांग काढलं. नेमकी चतुर्दशी.

नियम हा शब्द आम्हा जैनांत दोन्हीकडे चालतो. कचेरीत कुणीतरी दुसऱ्याने आपल्यावर घातलेला तो नियम. देवळात आपण स्वतः, मुनींच्या किंवा आर्यिका माताजींच्या, म्हणजे साध्वींच्या, समोर उभं राहून घेतलेला तोही नियमच. जन्मभराचा असेल तर त्याला यम म्हणायचं. माझा नियम दर चातुर्मासात माताजींच्या पुढे नव्याने घेतलेला: चतुर्दशीला पाण्याचाही थेंब नाही आणि सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत शब्द नाही. खूण नाही, मान हलवणं नाही, लिहिणंही नाही. पाटीवर लिहून बोलणं म्हणजे बोलणंच, असं माताजी म्हणाल्या होत्या. सही करायला तेवढी हरकत नव्हती. सहीचं काही बोलणं नसतं.

मी अण्णांकडे गेले होते, तारीख बदलून मिळेल का विचारायला. ते म्हणाले, कॉलेजने दिलेली तारीख आहे, लग्नाचा मुहूर्त नव्हे मागेपुढे करायला. आणि तुला तिथं बोलायचंय काय? बोलायचंय मी. तू समोर बसायचंस. मला ते पटलं. खरं तर हायसं वाटलं. परक्या माणसांपुढे जायचं म्हटलं की माझा आवाज आधीच खाली जातो.

कोल्हापूरला येताना जीपमध्ये अण्णाच बोलत होते. मौनाच्या दिवशी माणसं माझ्याशी जास्त बोलतात, हा माझा जुना अनुभव. वसतिगृहातल्या मुली तर मुद्दाम येऊन उभ्या राहायच्या. बाई, आज सिनेमाला जाऊ का? नाही म्हणाल्या नाहीत गं, चला. मी नुसतं बघितलं की हसत हसत अभ्यासाला बसायच्या. अण्णांचं बोलणं तसलं नव्हतं. हातकणंगले मागे पडलं तेव्हा ते रस्त्याकडेच बघत म्हणाले, हे बघ राजमती, आज नाही जमलं तर जिवाला लावून घेऊ नकोस. ठराव मी एकटा फिरवू शकत नाही. पण स्नेहल पदवीधर आहे. स्नेहल म्हणजे त्यांची सून, जयसिंगपूरला राहणारी. तिचं नाव रेक्टर म्हणून लावू. तिला काय येऊन बसायला वेळ आहे? काम तूच करशील, खोली तुझीच राहील. तुझं काहीच बदलणार नाही.

मी खिडकीतून बाहेर पाहत होते. उसाच्या गाड्या चालल्या होत्या.

तुझं काहीच बदलणार नाही, हे मी आधी एकदा ऐकलेलं होतं. कुसुमवहिनींच्या वेळी. वहिनी म्हणजे अण्णांची पत्नी. वसतिगृह सुरू झालं ते त्यांच्या हौसेने, त्याच पहिल्या रेक्टर. मी स्वयंपाकाला लागले आणि वर्षाच्या आतच त्यांना अर्धांगाचा झटका आला. एक बाजू गेली. वाचा होती तोवर त्या मला पलंगाजवळ बसवून एकेक सांगायच्या: कुठल्या मुलीच्या घरी बाप पितो, कुणाला घरी पाठवताना सोबत पाहिजे, तापाला डॉक्टर कधी बोलवायचा, भांडणात आधी कुणाचं ऐकायचं. पुढे वाचाही गेली. मग मी आपली आपण करत गेले. नाव त्यांचंच होतं. अण्णा म्हणाले, नाव तिचं राहू दे, तेवढ्यावर जगतीय ती. मीही म्हणाले, राहू दे. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, आजही वाटत नाही. रोज संध्याकाळी अण्णा पलंगाशी बसून वहिनींना सांगायचे, आज तुझ्या वसतिगृहात हे झालं, तुझ्या पोरींनी ते केलं. त्यांनी सांगितलेलं सगळं मीच केलेलं असायचं, आणि मी तिथंच बाजूला वहिनींच्या तोंडात पेज घालत उभी असायची. वहिनी माझ्याकडे बघायच्या.

त्या गेल्या तेव्हा दिवाणखान्यात त्यांचा फोटो लागला. खाली लिहिलं, अखेरपर्यंत रेक्टर. त्यानंतर पद माझ्या नावावर झालं. त्याला तीन वर्षं होत होती.

हुजरेंनी हाक मारली आणि आम्ही आत गेलो.

अनुभवाचे अर्ज तपासणाऱ्या शिकलगार मॅडम माझ्याच वयाच्या असतील. सुती साडी, केस घट्ट बांधलेले, समोर चहाचा कप. त्यांनी आम्हालाही चहा मागवायला सांगितलं. अण्णांनी माझ्या उपवासाचं आणि मौनाचं सांगितल्यावर त्यांनी स्वतःचा कप एका बाजूला सारला.

"हुजरे म्हणाले मला. मला वाटलं ते चेष्टा करतात," त्या म्हणाल्या. "बसा. तुमचं दुसऱ्या वर्षाचं प्रमाणपत्र पाहिलं मी. चांगले गुण आहेत. ते श्रेयांक आम्ही धरले. आता राहिला अनुभवाचा भाग."

मग त्या अण्णांकडे वळल्या. वसतिगृहात मुली किती, जेवणाची व्यवस्था कशी, रेक्टरचं काम काय काय असतं, असं विचारत गेल्या. अण्णा सभेत बोलतात तसं ठाशीव बोलत होते. माझ्याबद्दलही चांगलंच बोलले. बाई प्रामाणिक आहे, धार्मिक आहे, मुलींवर माया आहे.

"आणि रेक्टर किती वर्षं आहेत?"

"तीन."

"त्याआधी?"

"त्याआधी स्वयंपाकाला होती."

मॅडमनी लिहिणं थांबवलं. आम्हाला जबाबदारीची पाच वर्षं लागतात, त्या म्हणाल्या. अण्णांनी लगेच मान डोलावली. ते म्हणाले, तेच मी हिला सांगत होतो. नियम तो नियम. तुमचा वेळ घेतला, माफ करा. आणि त्यांनी टोपी सारखी करून उठायची तयारी केली.

ती घाई मॅडमना खटकली असावी. त्या म्हणाल्या, बसा जरा. आमच्या ग्रंथालयातली संगीता तुमच्याच वसतिगृहात होती. मी काल सहज तिला विचारलं. ती म्हणते, ती आठवीत आली तेव्हापासून रेक्टर याच. ती काही तीन वर्षांपूर्वी आठवीत नव्हती.

"पोरींना काय कळतंय मॅडम," अण्णा हसले. "ताटात वाढणारी बाई दिसते रोज, तीच रेक्टर वाटते त्यांना. रेक्टर माझी पत्नी होती. अखेरपर्यंत."

त्यांचा आवाज शेवटच्या शब्दाला थोडा कापला. मला तो ऐकू आला. मॅडमना आला की नाही ठाऊक नाही.

त्या माझ्याकडे वळल्या. "बाई, तुम्ही सांगा. स्वयंपाकी होता की रेक्टर?"

मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी एक कोरा कागद आणि पेन माझ्यापुढे ठेवलं. अण्णा म्हणाले, लिहिणंही तिच्या नियमात बसत नाही.

"मान हलवणं?"

"तेही नाही."

मॅडमनी खुर्चीला पाठ टेकली. मग म्हणाल्या, तुमचा नियम मला कळला, मी त्याला नावं ठेवत नाही. माझी आईसुद्धा रोज्यात अशीच हट्टी असायची. पण आता आमचा सांगते. संस्थेचं म्हणणं आणि उमेदवाराचं म्हणणं, दोन्ही आज इथं नोंदवायला पाहिजे. उद्यापासून माझ्याकडे ही यादी बंद. पुढची सहा महिन्यांनी.

सहा महिन्यांनी जून उलटून गेलेला असणार होता. मी मनातल्या मनात णमोकार मंत्र सुरू केला होता, तो मध्येच तुटला.

"आज हिची अडचण आहे ती दिसतेच तुम्हाला," अण्णा म्हणाले. "दुसरी एखादी तारीख मिळाली असती तर बरं झालं असतं."

हे त्यांनी का म्हटलं कोण जाणे. म्हटलं नसतं तर पुढचं काही झालं नसतं. मॅडमनी दाराकडे बघून हुजरेंना हाक मारली आणि विचारलं, यांना तारखा कळवल्या नव्हत्या का? हुजरे चष्मा पुसत आत आले. म्हणाले, तीन कळवल्या होत्या की मॅडम. सोमवारची दिली, गुरुवारची दिली. साहेब म्हणाले, थांबा, बघून सांगतो. मग फोनवरच जरा वेळ गेला, आणि म्हणाले, आजची द्या. आजचीच पाहिजे म्हणाले. मी म्हटलं, शेवटची आहे साहेब, नंतर बदल नाही. म्हणाले, चालेल.

हुजरे गेले. खोलीत पंखा फिरत होता.

अण्णांच्या घरी फोन बैठकीच्या खोलीत आहे आणि फोनच्या वरच पंचांग टांगलेलं असतं. अष्टमी-चतुर्दशीच्या चौकोनांवर लाल गोल केलेले. ते गोल वहिनी करायच्या, त्या आजारी पडल्यावर दर वर्षी मीच करून द्यायची. माझ्या मौनाचा दिवस गावातल्या कुठल्याही माणसाला कुणी झोपेतून उठवून विचारला तरी सांगेल. मी अण्णांकडे पाहिलं. ते टोपी हातात घेऊन तिच्या घडीवरून नख फिरवत होते. वर बघत नव्हते.

मॅडमनी दोघांकडे एकदा पाहिलं. मग त्यांनी फॉर्म पुढे ओढला आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, "सध्याच्या पदापूर्वीची सर्व वर्षं स्वयंपाकी म्हणून काम." आणि तो कागद माझ्याकडे फिरवला. "याला तुमची हरकत नसेल तर इथं सही करा. सही चालते ना यांना?"

"सही चालते," अण्णा म्हणाले.

पेन माझ्या हातात आलं. मला ते दिल्याचं आठवत नाही, पण हातात होतं. सहीची जागा पेन्सिलने फुली करून दाखवलेली. सही केली तर नियम मोडणार नव्हता. दिवसभर पाणी न पिता, शब्द न बोलता, मी दिवस मावळताना देवळात जाऊन उभी राहू शकले असते आणि माझ्या व्रतात कुठं डाग नसता. कागदावर एक खोटं वाक्य राहिलं असतं, त्याच्याखाली माझं नाव. आणि जूनमध्ये दाराच्या पाटीवर दुसरं कुणाचं तरी.

"नाही," मी म्हणाले.

घसा सकाळपासून कोरडा. शब्द नीट बाहेर आलाच नाही, नुसता खरखरला. मॅडमनी मान वर केली.

"काही म्हणालात का?"

अण्णा माझ्याकडे बघत होते. त्यांनीही ऐकलं होतं की नाही, मला कळेना. खोकला आला म्हणून सोडून देता आलं असतं. अजूनही काही मोडलं नव्हतं. मी पेन टेबलावर आडवं ठेवलं.

"नाही, मॅडम. तसं लिहू नका."

अण्णांच्या हातातून टोपी खाली पडली. ती त्यांनी उचलली नाही.

"मग काय लिहू?" मॅडमनी हळूच विचारलं.

"स्वयंपाक मी करत होते. सकाळचा आणि संध्याकाळचा."

"आणि मधल्या वेळात?"

"मधल्या वेळात वसतिगृह चालवत होते."

मग मी पुढे बोलत गेले. एवढं मी कुणा परक्यापुढे आयुष्यात बोललेली नव्हते. सांगितलं, की वहिनींनी मला शिकवलं. वाचा होती तोवर त्या सांगायच्या आणि मी करायची. वाचा गेल्यावर त्या नुसत्या बघायच्या आणि मी करायची. मुली मी घेतल्या, आजारात मी बसले, त्यांचे आईबाप भेटायला आले की मी बोलले, कुणाला काढायचं नाही हेही मीच ठरवलं. नाव वहिनींचं होतं आणि ते मला मान्य होतं. ते नाव खोटं होतं असं मी म्हणत नाही. पण मी स्वयंपाकीच होते, हे खोटं आहे.

आवाज मोठा नव्हता. मोठा मला येतच नाही. मॅडम पुढे वाकून ऐकत होत्या.

मग त्यांनी अण्णांना विचारलं, "संस्थेचं काय म्हणणं? यांचं एकटीचं म्हणणं मला धरता येत नाही. तुम्ही हो म्हणालात तर पाच वर्षं भरतात. नाही म्हणालात तर मी आधीचं वाक्य ठेवते."

आता सगळं त्यांच्या हातात गेलं होतं. मी फरशीवरच्या टोपीकडे बघत बसले. बाहेर तास संपल्याची घंटा झाली, मुलामुलींचा गोंगाट व्हरांड्यातून गेला, पुन्हा शांत झालं. अण्णांनी पाणी मागितलं. पेला तोंडाला लावला आणि न पिता खाली ठेवला.

"मॅडम," ते म्हणाले, "तुम्ही हिला आज बघताय. मी हिला किती वर्षं बघतोय. आमच्या गल्लीत आग लागली होती एकदा, चतुर्दशीच होती. ही बादल्या घेऊन पळाली, पण तोंडातून शब्द नाही काढला."

मॅडमनी टेबलावरचं पेन उचललं.

"लिहा. रेक्टर हीच होती. कुसुम पडली त्या दिवसापासून."

मॅडम लिहू लागल्या.

"पण माझी बायको नावालाच होती, असं मात्र लिहू नका."

"त्याला इथं रकाना नाही, अण्णा," मॅडम म्हणाल्या. त्यांनी त्यांना अण्णा म्हटलं ते माझ्या लक्षात राहिलंय.

दोघांच्या सह्या झाल्या. मॅडम मला म्हणाल्या, आता बोलायला लागलाच आहात, तर तोंडी परीक्षाही उरकून टाकू या का? हसून म्हणाल्या, पण बहुतेक खरंच विचारत असाव्यात. मी काही उत्तर देणार त्याआधी अण्णा बोलले.

"आता ती बोलणार नाही. दिवस मावळायचा आहे अजून."

"बरं. मग पुढच्या महिन्यात बोलावते. तारीख या वेळी बाईंना विचारून ठरवा."

अण्णांनी खाली वाकून टोपी उचलली, झटकली आणि घातली.

पुढचं थोडक्यात सांगते. तोंडी परीक्षा झाली. राहिलेले पेपर मी दोन टप्प्यांत दिले. मुली निजल्या की वाचायचं, अवघड असेल ते संगीताला विचारायचं. जूनच्या आत बी. ए. झाले आणि दारावरची पाटी माझ्याच नावाची राहिली. वहिनींचा फोटो जिथं होता तिथंच आहे, खालची अक्षरंही तीच, मीच पुसते. माताजींचा मुक्काम तेव्हा बाहुबलीच्या तीर्थावर होता. मी जाऊन त्यांना सगळं सांगितलं, प्रायश्चित्त मागितलं. त्यांनी काय शब्द बोललीस तेवढं विचारलं आणि उपवास दिले. ते मी केले. मोडलेलं ते मोडलेलंच, कशासाठी मोडलं यावरून त्याचं काही वेगळं होत नाही.

पण त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं.

परत येताना अण्णा जीपमध्ये एक अक्षर बोलले नाहीत. एरवी त्यांची घाई असते. दिवस मावळायच्या आत जेवण हा त्यांचा नियम, लहानपणापासूनचा. त्या दिवशी सरळ गेलो असतो तर घरी पोचून पान मांडता आलं असतं. पण हातकणंगल्याच्या अलीकडे त्यांनी जीप कडेला घेतली आणि बंद केली. मला वाटलं, काही बिघडलं. ते खाली उतरून बॉनेटला टेकून उभे राहिले, पश्चिमेकडे तोंड करून. मी आत बसून होते. सूर्य उसाच्या तुऱ्यांवर आला, तुऱ्यांत गेला. लाली राहिली, मग तीही विझत आली. त्यांचं जेवण गेलं. तरी ते थोडा वेळ उभेच.

मग खिडकीशी आले.

"आता बोलता येतं का तुला?"

"येतं," मी म्हणाले.

"एक विचारतो. सोमवारी नेलं असतं तुला, किंवा गुरुवारी. तुझं मौन नसतं. आणि मॅडमनी हेच विचारलं असतं, की बाई तुम्ही स्वयंपाकी होता का. तर काय म्हणाली असतीस?"

मी विचार करून बघितला. खोटं सांगायचं नव्हतं. सोमवार डोळ्यांपुढे आणला, ती खोली, तो पंखा, अण्णा शेजारी बसलेले, माझ्या तोंडाला कुलूप नाही, बोलायला काही किंमत पडत नाही. रोजच्यासारखाच एक दिवस.

"अण्णा म्हणतील तसं, असं म्हणाले असते," मी म्हणाले.

"वाटलंच मला."

ते आत येऊन बसले. किल्ली फिरवायच्या आधी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोरच्या अंधारत्या रस्त्याकडे बघत राहिले, आणि मग त्या दिवसातलं पहिलं खरं हसू त्यांच्या तोंडावर आलं.

"म्हणजे तारीखच चुकली माझी," ते म्हणाले.